रिकामी यंत्रे आणि ताटकळणाऱ्या रांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: एकाच नेटवर्कवरील वेगवेगळ्या जॉब शेड्युलरांनी संगणनशक्ती एकमेकांना देण्याघेण्याबाबत

संगणनशक्ती अपुरी पडते, नवी यंत्रे हवीत आणि त्यासाठी निधी हवा, अशी मागणी संशोधन संस्था, विद्यापीठे आणि मोठ्या कंपन्यांचे संगणक विभाग सातत्याने करीत असतात. मागणी खोटी नसते. परंतु क्लस्टरांच्या, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या संगणकांच्या समूहांच्या, देखभालीत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि त्या वर्षांत एक दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले. एका क्लस्टरच्या रांगेत शेकडो जॉब, म्हणजे संगणकाला सोपवलेली कामे, ताटकळत असतात. त्याच नेटवर्कवरच्या, कधी कधी तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या क्लस्टरचे निम्मे नोड, म्हणजे समूहातील एकेक संगणक, त्याच वेळी वीज खात नुसते चालू असतात. दोन्हींची मालक संस्था एकच, प्रोसेसर एकाच जातीचे, लिनक्सही तीच. वेगळा असतो तो शेड्युलर, आणि एका शेड्युलरला दुसऱ्याचे अस्तित्वच ठाऊक नसते. नवी यंत्रे घेण्यापूर्वी हे शेड्युलर एकमेकांना नोड उसने देऊ शकतील अशी व्यवस्था उभी करावी, आणि ती करताना कोणालाही आपला शेड्युलर सोडायला भाग पाडू नये, हे माझे म्हणणे आहे.

या कामाशी संबंध न आलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. शेड्युलर हा क्लस्टरचा कारभारी असतो. आपल्या जॉबला किती कोर (प्रोसेसरमधील गणन करणारे भाग), किती मेमरी आणि किती वेळ लागेल हे वापरकर्ता सांगतो. शेड्युलर तो जॉब रांगेत लावतो, कोणत्या नोडवर काय मोकळे आहे याची नोंद ठेवतो आणि जागा झाली की प्राधान्याप्रमाणे जॉब सोडतो. असे कारभारी जगात अनेक आहेत आणि प्रत्येकाचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास उभा केलेला कॉन्डोर, ज्याला आज एचटीकॉन्डोर म्हणतात, तो माणसांच्या टेबलांवर रिकाम्या बसलेल्या संगणकांकडून काम करून घेण्यासाठी होता. पीबीएसची सुरुवात १९९० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या एम्स संशोधन केंद्रात झाली. टोरोंटो विद्यापीठातील संशोधनातून एलएसएफ निघाला आणि तो कंपन्यांच्या चिप-आरेखन विभागांत रुजला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला स्लर्म आज जगातील मोठ्या महासंगणकांवर सर्रास दिसतो. वेब सेवा आणि कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व सॉफ्टवेअर एकत्र बांधलेला संच) चालवणाऱ्यांनी २०१४ नंतर कुबरनेटीस जवळ केला.

एकाच संस्थेत यांपैकी दोन-तीन एकत्र नांदतात, याला कोणाचा निष्काळजीपणा कारण नसतो. एका प्रकल्पाच्या निधीतून आलेल्या यंत्रांबरोबर एक शेड्युलर येतो, दुसऱ्या विभागाचे परवाना असलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याच शेड्युलरशी बोलते, तिसऱ्या गटाकडे दहा वर्षांत साचलेल्या शेकडो स्क्रिप्ट (जॉब चालवण्याच्या आज्ञांच्या फायली) असतात आणि त्या लिहिणारे विद्यार्थी केव्हाच निघून गेलेले असतात. म्हणून ‘सगळ्यांनी एकच शेड्युलर वापरा’ हा सल्ला कागदावर जितका सोपा दिसतो तितकाच तो प्रत्यक्षात महाग पडतो. अशा एका एकत्रीकरणात मी स्वतः सहभागी होतो. वर्षभर काम चालले आणि अखेर दोन गटांनी आपले जुने क्लस्टर गुपचूप चालूच ठेवले. त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही, कारण त्यांचे चालू संशोधन त्या स्क्रिप्टांवर उभे होते.

वेगवेगळ्या रांगा एकत्र आल्याने काय मिळते, याचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ पासून टेलिफोनच्या वाहिन्यांसाठी ते मांडले, आणि संगणकांच्या रांगांना ते जसेच्या तसे लागू पडते. दोन यंत्रे आहेत, प्रत्येकाची रांग स्वतंत्र आहे, जॉब अनियमितपणे येतात, एका जॉबला सरासरी एक तास लागतो आणि प्रत्येक यंत्र ८० टक्के वेळ कामात असते, असे धरू. या रांगांच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे जॉबला सुरू होण्यापूर्वी सरासरी ४ तास थांबावे लागते. आता तीच दोन यंत्रे आणि तेच जॉब ठेवून रांग तेवढी एक केली, तर प्रतीक्षा सुमारे १ तास ४७ मिनिटांवर येते. अशा चार यंत्रांची एक रांग केली, तर ती पाऊण तासावर येते. यंत्र एकही वाढलेले नाही, कामही कमी झालेले नाही. एका दाराशी गर्दी असताना दुसरे यंत्र रिकामे राहण्याचे प्रसंग तेवढे टळले. प्रत्यक्षातील जॉब या सूत्राइतके शिस्तीचे नसतात आणि क्लस्टरात शेकडो नोड असतात, त्यामुळे हे नेमके आकडे कोणी आपल्या क्लस्टरवर शोधू नयेत. परंतु दोन विभागांच्या कामाचा जोर वेगवेगळ्या महिन्यांत येत असेल, तर लाभ या सूत्राने दाखवलेल्यापेक्षाही अधिक असू शकतो.

हे निव्वळ कागदावरचे नाही. गूगलने आपल्या बोर्ग या अंतर्गत व्यवस्थेविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखवले की वापरकर्त्यांना सेवा देणारी कामे आणि मागे चालणारी कामे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवली असती, तर त्यांच्या सर्वसाधारण समूहात २० ते ३० टक्के अधिक यंत्रे लागली असती. विजेचा हिशेबही याच बाजूने बोलतो. गूगलच्याच बारोसो आणि होल्त्सले यांनी २००७ मध्ये लिहिले होते की त्या वेळचा चांगला सर्व्हरसुद्धा जवळजवळ काहीच न करताना आपल्या कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज घेतो. त्यानंतरची यंत्रे सुधारली आहेत. तरीही रिकामा नोड फुकट पडून असतो ही समजूत चुकीचीच आहे.

मग अडते कुठे? सर्वप्रथम, जो मार्ग सर्वांत सोपा वाटतो तो चुकीचा आहे, हे मला माझ्या अनुभवातून सांगितले पाहिजे. एका संस्थेत आम्ही दोन क्लस्टरांच्या सीमेवरचे काही नोड दोन्ही शेड्युलरांच्या यादीत घातले. कल्पना अशी की ज्याला गरज लागेल तो वापरील. पहिले काही आठवडे काही बिघडले नाही आणि आम्हाला समाधान वाटले. मग एका रात्री एका ६४ जीबी मेमरीच्या नोडवर पहिल्या शेड्युलरने ४० जीबीचा जॉब सोडला होता. दुसऱ्या शेड्युलरच्या वहीत तो नोड पूर्ण मोकळा असल्याने त्यानेही आपला ४० जीबीचा जॉब तेथेच सोडला. मेमरी संपताच लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे गाभ्याने, आपल्या नियमाप्रमाणे एक प्रक्रिया (चालू प्रोग्राम) मारली, आणि ती निघाली चार दिवस चाललेल्या जुन्या जॉबची. ज्या विद्यार्थिनीचा तो जॉब होता तिने सकाळी येऊन विचारले की माझ्या प्रोग्राममध्ये काय चुकले. तिचे काहीही चुकले नव्हते. दोन्ही शेड्युलरही आपापल्या माहितीप्रमाणे बरोबरच वागले होते. चूक आम्हा व्यवस्थापकांची होती आणि तिचे चार दिवस आम्ही परत देऊ शकलो नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हा नियम येथे अक्षरशः खरा आहे. कोणत्याही क्षणी एका नोडचा, किंवा नोडच्या ठरावीक हिश्शाचा, कारभारी एकच असला पाहिजे. वाटून घेण्याची कोणतीही पद्धत निवडली तरी ही अट पाळली जाते की नाही, हे मी सर्वांत आधी पाहतो. गूगलनेच २०१३ मध्ये मांडलेल्या ओमेगा या रचनेत अनेक शेड्युलर एकाच वेळी सर्व यंत्रांकडे पाहतात खरे, परंतु तेथेही सर्वांची नोंदवही एकच असते आणि दोघांनी एकच जागा मागितली तर नोंद करतेवेळी त्यातील एकाला नकार मिळतो. वह्या दोन आणि यंत्र एक, ही स्थिती कोठेही चालत नाही.

वाटून घेण्याचे दोन मूळ प्रकार आहेत: जॉबने दुसऱ्याच्या दारी जायचे, किंवा नोडने दुसऱ्याच्या हाताखाली जायचे.

पहिल्या प्रकाराचा इतिहास मोठा आहे. कॉन्डोरचा एक समूह आपल्याला न पेलणारे जॉब दुसऱ्या समूहाकडे पाठवू लागला, त्याला त्यांनी पक्ष्यांच्या थव्याची उपमा दिली, आणि १९९६ च्या एका शोधनिबंधात विस्कॉन्सिन आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी देशोदेशींच्या अशा थव्याचे वर्णन केले. एलएसएफमध्ये अनेक क्लस्टर जोडण्याची सोय आहे. स्लर्ममध्ये २०१७ च्या नोव्हेंबरमधील आवृत्तीपासून क्लस्टरांचा संघ करता येतो. त्यात जॉबच्या प्रती सर्व क्लस्टरांच्या रांगांत लागतात आणि एकीकडे तो सुरू झाला की बाकीच्या प्रती आपोआप रद्द होतात. हे सारे उत्तम आहे, पण यातील प्रत्येक सोय एकाच जातीच्या शेड्युलरांमध्ये चालते. जाती वेगळ्या असल्या की भाषांतराचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो त्याहून बिकट असतो. एकच उदाहरण देतो. वेळेच्या मर्यादेच्या जागी नुसते ६० लिहिले, तर स्लर्म त्याला ६० मिनिटे समजतो आणि पीबीएस ६० सेकंद. जॉब दुसरीकडे जातो, एका मिनिटात मारला जातो, आणि वापरकर्त्याला कारण कळत नाही. मेमरीची मागणी एकीकडे नोडमागे तर दुसरीकडे कोरमागे मोजली जाते, रांगांची नावे वेगळी, जॉब संपल्यावर मिळणारे संकेत वेगळे. ग्लोबस या सॉफ्टवेअर प्रकल्पाने १९९० च्या दशकापासून निरनिराळ्या शेड्युलरांसमोर एकच दार बसवण्याचे मोठे काम केले, पुढे ओपन ग्रिड फोरम या संघटनेने जॉब सोपवण्यासाठी आणि त्यांचे वर्णन करण्यासाठी डीआरएमएए आणि जेएसडीएल ही मानके आणली. पण जे सर्वांना समान होते तेवढेच त्यात बसले आणि प्रत्येक शेड्युलरची खास सोय बाहेर राहिली.

जाताजाता एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. काही हुशार वापरकर्ते एकच जॉब दोन्ही क्लस्टरांवर टाकतात आणि आधी सुरू होईल तो ठेवून दुसरा रद्द करतात. एका माणसाने केले तर खपून जाते. सर्वांनी केले तर दोन्ही रांगा फुगतात, शेड्युलरने दिलेला सुरू होण्याचा अंदाज निरर्थक ठरतो, आणि रद्द करायला विसरलेले जॉब दुहेरी चालतात. वापरकर्त्यांना हे करावेसे वाटते, याचा अर्थ आम्ही व्यवस्थापकांनी करायचे काम ते स्वतःच्या हाताने करीत आहेत.

दुसरा प्रकार, म्हणजे नोडच उसना देणे, मला अधिक पटतो. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये मेसोसविषयीच्या शोधनिबंधात याचेच एक रूप मांडले: खालचा थर मोकळी साधने वरच्या शेड्युलरांपुढे ठेवतो आणि घ्यायची की नाकारायची ते प्रत्येक शेड्युलर ठरवतो. मात्र त्यासाठी प्रत्येक शेड्युलरमध्ये बदल करावा लागतो. ज्यांच्याकडे जुने क्लस्टर चालू आहेत त्यांच्यासाठी त्याहून साधा आणि चांगला पारखलेला मार्ग उपलब्ध आहे, तो म्हणजे पायलट जॉब.

पायलट जॉबची कल्पना अशी. उसने मागणारा शेड्युलर दुसऱ्याच्या रांगेत एक साधा जॉब टाकतो. त्या जॉबमध्ये खरे काम काहीच नसते. तो सुरू झाला की त्या नोडवर मागणाऱ्या शेड्युलरचा हस्तक जागा होतो, आपल्या मालकाला ‘मी येथे आहे, इतके कोर आणि इतकी मेमरी मोकळी आहे’ असे कळवतो, आणि मग मालक आपल्या रांगेतील जॉब त्याच्याकडे पाठवू लागतो. देणाऱ्या शेड्युलरच्या वहीत तो नोड ‘एका जॉबने व्यापलेला’ असा दिसतो, आणि ती नोंद खरीच असते. त्यामुळे दुहेरी वाटपाचा धोका मुळातच उरत नाही आणि दोन्ही शेड्युलरांच्या आतल्या रचनेला हात लावावा लागत नाही. युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या महाकाय कणत्वरकाची माहिती हाताळणारे जागतिक संगणन-जाळे सुमारे १७० केंद्रांत आणि ४० हून अधिक देशांत पसरलेले आहे. केंद्रागणिक शेड्युलर वेगळा आहे आणि तेथील प्रयोगांचे जॉब मुख्यतः याच पद्धतीने चालतात. अॅटलास प्रयोगाने त्यासाठी पांडा ही व्यवस्था उभी केली, एलएचसीबी या दुसऱ्या प्रयोगाने डिराक. इतक्या मोठ्या पसाऱ्यात जे चालते ते एका इमारतीतल्या दोन क्लस्टरांमध्ये चालणार नाही, असे मानायला मला कारण दिसत नाही.

अर्थात पायलटला शिस्त लावावी लागते. काही मिनिटे काम मिळाले नाही तर त्याने आपणहून उठून नोड परत केला पाहिजे, नाहीतर उसना घेतलेला नोड उसनवाराकडे रिकामा बसतो आणि मूळ रोगच परत येतो. आपल्या मुदतीचे दोन तास उरले असताना त्याने पाच तासांचा जॉब स्वीकारता कामा नये. एका पायलटच्या पोटात अनेकांचे जॉब चालणार असल्याने कोणता जॉब कोणाचा हे नंतर शोधता आले पाहिजे. सुरक्षेची जबाबदारी असलेले लोक हा प्रश्न आधी विचारतात आणि त्यांचे बरोबर असते.

मुदतीविषयी आणखी थोडे लिहितो, कारण पुष्कळ योजना येथेच फसतात. उसना दिलेला नोड ‘गरज संपली की परत कर’ अशा बोलीवर देऊ नये. ठरावीक वेळेच्या बोलीवर द्यावा. नेटवर्क मध्येच तुटले तर देणाऱ्याला कळत नाही की पलीकडचा जॉब चालू आहे की मेला. तो घाईने नोड परत आपल्या यादीत घेईल, तर त्या रात्रीचा आमचा प्रसंग पुन्हा घडेल. मुदत ठरलेली असली की दोघांनाही एकमेकांशी न बोलता ठाऊक असते की अमुक वेळी हक्क संपला. घेणाऱ्याने त्याच्या थोडे आधी सोडायचे, देणाऱ्याने थोडे नंतर घ्यायचे, आणि घेतल्यावर मागे राहिलेल्या प्रक्रिया आणि तात्पुरत्या फायली साफ करून मगच नोड पुन्हा चालू करायचा. देवाणघेवाणीचा हिशेब ठेवणारा एखादा मध्यस्थ प्रोग्राम असेल तर तो बंद पडल्यावरही प्रत्येक शेड्युलरचे स्वतःच्या नोडांवरचे काम अबाधित चालले पाहिजे. मध्यस्थ पडला म्हणून दोन्ही क्लस्टर थांबले, तर लोक पुन्हा कधीही नोड द्यायला तयार होणार नाहीत.

रिकामा नोड आणि शिल्लक नोड यांतील फरक बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रांगेच्या तोंडाशी २०० नोड मागणारा मोठा जॉब असेल, तर शेड्युलर संपलेल्या जॉबांचे नोड एकेक करून त्याच्यासाठी राखून ठेवतो. ते रिकामे दिसतात, पण ते आधीच कबूल केलेले असतात. असे नोड उचलून दुसऱ्याला दिले तर मोठ्या जॉबची पाळी कधी येणारच नाही. यावरचा उपाय शेड्युलरांना आधीपासून माहीत आहे. १९९५ मध्ये आरगॉन प्रयोगशाळेतील शेड्युलरने बॅकफिलची जी पद्धत रूढ केली तीत राखीव जागेच्या फटीत असे छोटे जॉब सोडतात, जे मोठ्या जॉबची वेळ येण्यापूर्वी नक्की संपतील. पायलट हा देणाऱ्याच्या दृष्टीने साधा जॉबच असल्याने, त्याची मुदत छोटी आणि खरी लिहिली तर तो याच फटीत आपोआप बसतो. म्हणूनच उसन्या नोडांवर तासा-दोन तासांचे जॉब धाडावेत आणि तीन दिवसांचे जॉब घरच्या नोडांवर ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

मालकाला आपला नोड मध्येच हवा झाला तर? कॉन्डोरने पहिल्यापासून एक तत्त्व पाळले, आणि माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे ते एक मोठे कारण आहे: यंत्राच्या मालकाचा शब्द अंतिम. मालकाने कळफलकाला हात लावला की पाहुणा जॉब बाजूला होत असे आणि शक्य तेथे आपली अवस्था साठवून दुसरीकडे पुढे चालू होत असे. क्लस्टरातही मालकाच्या शेड्युलरला पायलट परत बोलावण्याचा हक्क असावा, त्याने काही मिनिटांची सूचना द्यावी, आणि तेवढ्यात अवस्था साठवता येईल असे जॉबच उसन्या नोडांवर पाठवावेत. ज्यांना ते जमत नाही त्यांचे जॉब पुन्हा पहिल्यापासून चालवावे लागतील, आणि छोट्या जॉबांच्या बाबतीत हे नुकसान सोसण्यासारखे असते.

काही कामांना या व्यवस्थेचा उपयोग नाही, हे आधीच सांगितलेले बरे. शेकडो नोडांनी क्षणोक्षणी एकमेकांशी बोलायचे असते असा जॉब दोन क्लस्टरांत विभागू नये. त्यातून दोन जॉबांनी एकेका क्लस्टरातील अर्धी जागा अडवून दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहत बसण्याचा प्रसंगही येतो, आणि मग दोघेही हलत नाहीत. ज्या जॉबची माहितीच प्रचंड आहे त्याचेही तसेच: १ टेराबाइट माहिती १ गिगाबिटच्या जोडणीवरून पूर्ण वेगाने न्यायला सव्वादोन तास लागतात, आणि पूर्ण वेग क्वचितच मिळतो, म्हणून अर्ध्या तासाच्या गणनेसाठी ती नेण्यात अर्थ नाही. गोपनीय माहितीवरचे जॉब ज्या क्लस्टरसाठी मंजूर आहेत तेथेच राहावेत. पण एकाच प्रोग्रामला हजार वेगवेगळे आकडे देऊन चालवणे, प्रतिमा एकेक करून तपासणे, सिम्युलेशनच्या स्वतंत्र फेऱ्या, अशा जॉबांनी अनेक रांगा भरलेल्या असतात, आणि ते कोठेही चालतात. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा प्रश्न कंटेनरांनी बहुतांशी सोडवला आहे.

इतके सगळे तंत्र हाताशी असताना हे होत का नाही, याचे उत्तर मला बैठकांतून मिळाले. विभागप्रमुखांना भीती असते की आपले नोड रिकामे असतात हे उघड झाले तर पुढच्या निधीला कात्री लागेल. म्हणून रिकामे नोड दाखवले जात नाहीत, काही ठिकाणी तर ते निरुपयोगी जॉबांनी भरून ठेवले जातात. ही भीती अनाठायी नाही. वापराची टक्केवारी पाहून निधी ठरत असेल, तर उसना नोड देणाऱ्याच्या पदरी तोटाच येतो, कारण त्याने दिलेले तास घेणाऱ्याच्या खात्यावर ‘वापर’ म्हणून जमा होतात. हा हिशेब बदलल्याशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. दिलेला प्रत्येक कोर-तास (एका कोरचा एक तास) देणाऱ्याच्या खात्यावर वापरलेला म्हणून धरला गेला पाहिजे, आणि त्याला स्वतःला निकड पडेल तेव्हा तितक्याच तासांसाठी दुसऱ्याच्या रांगेत प्राधान्य मिळाले पाहिजे. अनेक शेड्युलरांत वापराचा वाजवी वाटा मोजण्याची सोय असते. ती क्लस्टरच्या सीमेपाशी थांबते, तेवढी पुढे न्यायची आहे. हिशेब करताना केवळ कोर मोजणे मात्र पुरणार नाही, कारण एक कोर आणि सगळी मेमरी घेऊन बसलेला जॉब त्या नोडवर दुसऱ्या कोणालाच जागा ठेवत नाही. नोडवरच्या ज्या साधनाचा सर्वांत मोठा हिस्सा जॉब अडवतो तो हिस्सा मोजावा. बर्कलीतूनच २०११ मध्ये आलेली न्याय्य वाटपाची पद्धत याच विचारावर आधारलेली आहे.

ज्या संस्थांकडे दोन किंवा अधिक क्लस्टर आहेत त्यांनी सर्व नोड एकदम जोडण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक बाजूचे मोजके नोड, दोन तासांची मुदत, एकाच प्रकारचे जॉब आणि एखादा वापरकर्ता गट घेऊन तीन महिने पायलट जॉब चालवून पाहावेत, आणि त्या काळात रांगेतील प्रतीक्षा किती घटली, परत बोलावल्यामुळे किती जॉब वाया गेले आणि देणाऱ्या विभागाच्या स्वतःच्या जॉबांना त्याची झळ लागली का, हे लिहून ठेवावे. झळ लागल्याचे दिसले तर मुदत आणखी कमी करावी.

निधी देणाऱ्या समित्यांना एक विनंती आहे. नव्या यंत्रांच्या प्रस्तावाबरोबर संस्थेतील प्रत्येक क्लस्टरचे मागील वर्षातील रिकामे कोर-तास, उसने दिलेले कोर-तास आणि जॉबांची प्रतीक्षा यांची तासवार नोंद जोडणे आवश्यक करावे, आणि उसने दिलेल्या तासांना गुण द्यावेत. दोन क्लस्टर एकाच वेळी भरलेले दिसत असतील तर यंत्रे खरोखरच कमी आहेत आणि ती विनाविलंब द्यावीत. एक भरलेला आणि दुसरा रिकामा दिसत असेल, तर आधी देवाणघेवाणीची व्यवस्था करायला सांगावे आणि ती करणाऱ्या माणसाच्या वेतनाची तरतूद करावी. या नोंदी प्रत्येक शेड्युलर आपल्या लॉगमध्ये आजही ठेवीत असतो. त्या काढायला जाणत्या व्यवस्थापकाला एखाद-दुसरा दिवस पुरतो.

आपला विश्वासू,
एक क्लस्टर व्यवस्थापक